ग्रुपचे नियम आणि दुसऱ्याची इज्जत

आमच्या मोहल्ल्याचा व्हॉट्सॲप ग्रुप २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत सुरू झाला. तेव्हा जनाज्याला वीसपेक्षा जास्त माणसांना जायला मनाई होती. कोणाच्या घरी मय्यत झाली, कोणत्या दुकानात दूध आले, कोणाच्या अम्मीच्या शुगरच्या गोळ्या संपल्या, हे कळवायला त्या ग्रुपचा फार उपयोग झाला. आम्हाला उर्दू लिहिता येते, मराठीही लिहिता येते, त्यात पेशा शिक्षकाचा. म्हणून "मॅडम, ॲडमिन तुम्हीच व्हा" असे सर्वांनी ठरवले आणि आम्हीही हौसेने झालो. ॲडमिन म्हणजे काय काम करायचे, हे मात्र तेव्हा कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

आज त्या ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसे आहेत. निम्मी बारामतीची, बाकीची इंदापूर, निमगाव केतकी, भिगवणकडची, तर काही नोकरीसाठी पुण्याला आणि आखाती देशांत गेलेली. निकाहची दावत, रक्ताची गरज, शाळाप्रवेशाच्या तारखा, सगळे तिथेच कळते. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला आली की वारकऱ्यांना पाणी आणि चहा कोण कुठे देणार, हेही तिथेच ठरते. ग्रुप चांगला आहे. म्हणूनच त्या चांगल्या ग्रुपमध्ये, आम्ही ॲडमिन असताना जे घडले, ते आज लिहायचे आहे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. मुलीच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने लिहीत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी इंदापूरकडची. रोज सकाळच्या एस.टी.ने बारामतीला कॉलेजला यायची. एके दिवशी स्टँडवर वर्गातल्या एका मुलाने तिची प्रॅक्टिकलची जर्नल तिला परत दिली. दोघे दोन मिनिटे बोलत उभे राहिले. तेवढ्यात कोणी तरी मोबाईलवर फोटो काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ होती : "ही कोणाची मुलगी आहे? ओळखता का?"

आम्ही तेव्हा वर्गावर होतो. फोन कपाटात. मधल्या सुट्टीत उघडला तर एकसष्ट मेसेज. पहिले दोन-चार काळजीच्या आवाजातले होते : "घरच्यांना कळवा", "जमाना खराब आहे". मग आवाज बदलत गेला. "मोबाईल दिला की असेच होते." "शिकवायला पाठवतात, या फिरायला जातात." कोणी तिच्या अब्बांचे नाव लिहिले, कोणी गाव लिहिले. एकसष्ट मेसेजमध्ये त्या पोरीला ओळखणारी माणसे किमान दहा होती. "फोटो काढून टाका" असे म्हणणारी एकच निघाली, शेजारच्या गल्लीतली शिवणकाम करणारी खाला.

आम्ही काय केले? हात जोडल्याची खूण टाकली आणि लिहिले, "कृपया हा विषय थांबवावा." फोटो तसाच ठेवला.

का ठेवला, हे लिहायला आज जड जाते, पण लिहिले नाही तर या लेखाला अर्थ नाही. फोटो टाकणारे आमच्या सासरच्या नात्यातले होते, मुलांच्या अब्बांचे चुलतभाऊ. त्यांची पोस्ट आम्ही सर्वांसमोर काढली तर घरात काय बोलले जाईल, याचा विचार आम्ही आधी केला. मुलीचा विचार नंतर केला. संध्याकाळी मगरिबनंतर तिच्या अम्मीचा रडत फोन आला, तेव्हा कुठे फोटो काढला. तोवर तो इंदापूरच्या तीन-चार घरगुती ग्रुपांत पोचला होता. ग्रुपवरून काढलेला फोटो ज्यांनी आधीच पुढे पाठवला किंवा फोनमध्ये साठवून ठेवला, त्यांच्याकडून जात नाही, हे लहान मुलांनाही ठाऊक असते.

मुलगी बारा दिवस कॉलेजला गेली नाही. तेराव्या दिवशी तिची नानी तिच्याबरोबर एस.टी.त बसून बारामतीला आली आणि कॉलेज सुटेपर्यंत स्टँडवर बसून राहिली. असे तिने आठवडाभर केले. कोणी विचारले की म्हणायची, "पोरीने काय चोरी केली का? मग घरात कशाला बसेल?"

पुढे ती मुलगी आमच्याकडे आली. आम्हाला वाटले, फोटो काढला म्हणून शुक्रिया म्हणेल. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही फोटो काढला, पण कोणाला काहीच सांगितलं नाही. लोकांना वाटलं, गोष्ट खरी होती म्हणून गुपचूप मिटवली." मग तिने विचारले, "तुमच्या ग्रुपला काही नियम आहेत का?"

नव्हते.

त्यानंतर आम्ही कायद्यात काय आहे ते शोधले. पहिल्यांदा बरे वाटले, मग वाटेनासे झाले.

गोंदिया जिल्ह्यातल्या एका महिलेने २०१६ साली तक्रार केली होती. व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने तिच्याविषयी अत्यंत गलिच्छ भाषा वापरली. ॲडमिनने त्या सदस्याला ग्रुपमधून काढले नाही आणि त्याला माफीही मागायला लावली नाही, असे तिचे म्हणणे होते. पोलिसांनी ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी १ मार्च २०२१ रोजी ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : ॲडमिनला सदस्य घेता येतो आणि काढता येतो, यापलीकडे फारसा अधिकार नाही. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही आणि पोस्ट होण्याआधी ते थांबवताही येत नाही. सदस्याशी संगनमत किंवा समान हेतू दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही असाच निर्णय दिला.

निर्णय योग्यच आहे. नाहीतर ग्रुप चालवायला कोणी पुढेच येणार नाही. वर्गात एका मुलाने दुसऱ्याला शिवी दिली तर शिक्षकाला तुरुंगात पाठवत नाहीत. पण शिवी ऐकूनही शिक्षक फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिला, तर त्याला चांगला शिक्षकही कोणी म्हणत नाही. गोंदियाच्या त्या महिलेने जे मागितले होते ते दोनच शब्दांत मावते : काढा आणि माफी. ॲडमिन तुरुंगात जाणार नाही एवढे न्यायालयाने सांगितले. त्या बाईला तिची माफी कोणी मिळवून द्यायची, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हता. तो ज्याने ग्रुप उघडला त्याचा आहे.

शिवाय त्या निकालानंतर एक बदल झाला आहे. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणत्याही सदस्याचा मेसेज सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय दिली. म्हणजे आधी जे आपल्या हातात नव्हते ते आता आले. स्टँडवरचा तो फोटो मधल्या सुट्टीतच काढण्याचे बटण आमच्या बोटाखाली होते. संध्याकाळपर्यंत आम्ही ते दाबले नाही.

म्हणून आम्ही नियम केले. एका बैठकीत झाले नाहीत, चुका करत करत झाले. सर्वांत मोठी चूक तर नियम केल्यानंतरची आहे, तीही सांगतो.

आमच्या वर्गाच्या पालकांचा वेगळा ग्रुप आहे. एका पालकाने तिथे लिहिले, "निवडणुकीच्या कामामुळे सहावीला महिनाभर उर्दूचा तास झालेला नाही. मुलांचे नुकसान कोण भरून देणार?" तो तास आमचा होता. "व्यक्तिगत टीका करू नये" असा नियम आम्ही नुकताच केलेला. त्या नियमाकडे बोट दाखवून आम्ही ती पोस्ट काढली. दुसऱ्या दिवशी ते पालक शाळेच्या फाटकाशी उभे. गॅरेजमध्ये काम करणारा माणूस, हाताचे ग्रीस पुसत म्हणाला, "मॅडम, मी लिहिलं ते खोटं होतं का?"

खोटे नव्हते. त्यात शिवी नव्हती, कोणाच्या घरादाराचा उल्लेख नव्हता. फक्त आम्हाला लागले होते. म्हणजे पहिल्या वेळी जे काढायला हवे होते ते नात्यासाठी ठेवले, आणि दुसऱ्या वेळी जे ठेवायला हवे होते ते स्वतःसाठी काढले. दोन्ही वेळी आम्ही मोजमाप एकच लावले : आपल्याला अडचण कशाची होते. आम्ही ती तक्रार स्वतःच्या हाताने पुन्हा ग्रुपवर टाकली, खाली उत्तर लिहिले आणि शनिवारी जादा तास सुरू केले.

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना पोलिसांनी अटक केली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर मत लिहिले होते आणि दुसरीने ते आवडल्याची खूण केली होती. त्यात ना शिवी होती ना धमकी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या '६६ अ' कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. कोणाला तरी त्रास होतो, राग येतो, एवढ्याने बोलणे गुन्हा ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. कोर्टाला जे पटले ते ॲडमिननेही ध्यानात ठेवलेले बरे.

आमच्या बहिणींच्या ग्रुपमध्येही असा एक प्रसंग आला. पाळी थांबण्याच्या वयातल्या एका बाईने रक्तस्रावाविषयी प्रश्न विचारला. लगेच दोघींनी लिहिले, "मॅडम, हे अश्लील आहे, काढा." आम्ही काढले नाही. लाज वाटते म्हणून प्रश्न घाण होत नाही. महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. वाचक त्यांना शरीराविषयीचे प्रश्न पाठवत, जे ते घरी कोणाला विचारू शकत नसत. त्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण आज तसले प्रश्न आणि डॉक्टरांची उत्तरे कोणत्याही कौटुंबिक मासिकात छापून येतात. आमच्या ग्रुपमधल्या त्या बाईला दुसऱ्या एकीने बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. प्रश्न काढून टाकला असता तर ती गेली नसती.

छापील मासिक आणि ग्रुप यांत एक फरक मात्र आहे. मासिकाच्या अंकावर संपादकाचे नाव असते, कारण छापलेल्या मजकुराची जबाबदारी कायदा त्याच्याकडे मागतो. 'लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ वाचकांनी नेहमी पाहिली असेल. ती छापणारा संपादकही प्रत्येक पत्र वाचूनच छापतो. ग्रुपवर आधी छापले जाते आणि नंतर वाचले जाते. म्हणून तिथे नियम आधीच सांगून ठेवावे लागतात.

आता अफवेविषयी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. इंदापूरहून मंगळवेढा काही लांब नाही. अशा घटनांनंतरच भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने घातली. यंत्राने पाचची मर्यादा घातली. आपण निदान "हे कोणी पाहिले?" एवढे विचारायला हवे.

दुसऱ्यांच्या श्रद्धास्थानांविषयीचा मजकूर हे तर आपल्या भागातले जिवंत दुखणे आहे. २ जून २०१४ रोजी पुण्याच्या हडपसरला फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून वातावरण पेटले होते. त्या रात्री नमाज पढून घरी निघालेल्या एका तरुणाला मारून टाकण्यात आले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सोशल मीडियावरच्या मजकुरावरून जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. मारणाऱ्यांचा गुन्हा मारणाऱ्यांचाच, त्यात शंका नाही. पण आपल्या पोराने चिडून लिहिलेल्या एका ओळीची किंमत कोण मोजेल, हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून या बाबतीत आमच्या ग्रुपवर समज देण्याची वाट पाहायची नाही, आधी काढायचे, मग बोलायचे, असे ठरले आहे.

आपल्या घरांत सूरह अल-हुजुरात सर्वांनी पढलेली असते. तिच्यात अवघ्या अठरा आयती आहेत. बातमी आली तर आधी खातरजमा करावी, एकमेकांची थट्टा करू नये, वाईट नावे ठेवू नयेत, संशय आणि गीबत यांपासून दूर राहावे, हे सगळे त्यात आहे. मुलांना आम्ही ही सूरह शिकवतो. त्या दिवशीचे एकसष्ट मेसेज लिहिणारेही ती शिकलेले होते, आणि आम्हीही.

आता आमच्या ग्रुपचे नियम. वाचकांपैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या ग्रुपचे ॲडमिन असतील. उपयोगी पडतील ते घ्यावेत.

१. कोणाचाही फोटो, व्हिडिओ किंवा नंबर त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. मूल असेल तर आईवडिलांना विचारायचे. "ओळखता का?" असे विचारणेही यातच आले.

२. तक्रार कामाविषयी करावी, चारित्र्याविषयी नाही. नळाला पाणी नाही, तास झाला नाही, हिशेब मिळाला नाही, हे लिहायला पूर्ण मोकळीक आहे. कोण कोणाबरोबर दिसले, कोणाच्या घरात काय चालले आहे, हे लिहायचे नाही.

३. बातमी टाकताना ती कुठली, कधीची आणि कोणाकडून आली हे लिहायचे. "आलेला मेसेज पुढे पाठवत आहे" हे कारण चालणार नाही.

४. दुसऱ्या धर्माची, जातीची, त्यांच्या थोर पुरुषांची टिंगल चालणार नाही. आपल्यातल्याच दुसऱ्या मसलकच्या लोकांचीही नाही.

५. मतभेद आणि टीका काढून टाकायची नाही. ती ॲडमिनवर असेल तर मुळीच नाही. तसा निर्णय घ्यायचाच असेल तर तो दुसऱ्या ॲडमिनने घ्यायचा.

६. पोस्ट काढली की कोणी काढली आणि कोणत्या नियमाने काढली, हे ग्रुपवर दोन ओळींत लिहायचे. ज्याच्याविषयी ती पोस्ट होती त्याचे नाव मात्र पुन्हा घ्यायचे नाही. हा नियम त्या मुलीने दिला.

७. ज्या जागी बदनामी केली त्याच जागी माफी मागायची. आमच्या नातेवाइकांनी पुढे मुलीच्या अब्बांच्या घरी जाऊन माफी मागितली, आणि तीही अब्बांची, मुलीची नाही. बदनामी दोनशे लोकांनी वाचली, माफी दोघांनी ऐकली.

८. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी आठ दिवस बाहेर, तिसऱ्या वेळी कायमचे बाहेर. धमकी किंवा बाईमाणसाचे घाणेरडे चित्र असेल तर पहिल्याच वेळी बाहेर. असे काही काढण्याआधी ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी स्क्रीनशॉट जपून ठेवायचा, म्हणजे पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची झाल्यास पुरावा हाती राहतो. तो स्क्रीनशॉट पुढे कोणालाही पाठवायचा नाही.

नियमांइतकीच व्यवस्थाही लागते. एकटा ॲडमिन वर्गावर असेल, शेतावर असेल, झोपलेला असेल. आम्ही आता तीन ॲडमिन आहोत : आम्ही, इंदापूरचा मोबाईल दुरुस्तीचे दुकान असलेला एक तरुण, आणि "फोटो काढून टाका" म्हणणाऱ्या त्या खाला. बायकांना तक्रार सांगायची असेल तर त्या खालांना सांगतात. वाद फारच पेटला तर 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' ही सेटिंग रात्रीपुरती लावून ठेवतो, सकाळी उघडतो. निम्मी भांडणे सकाळपर्यंत शिळी होतात. तक्रार आली की दोन तासांच्या आत कोणी तरी ती बघायची, असे आम्ही ठरवले आहे. सरकारच्या २०२१ च्या नियमांत मोठ्या कंपन्यांना नग्न किंवा बनावट अश्लील चित्राच्या तक्रारीवर २४ तासांत कारवाई करायला सांगितले होते. कंपनीकडे कोट्यवधी लोक असतात. आमच्याकडे दोनशेच आहेत, आणि सगळे ओळखीचे.

नियम ग्रुपवर लावले त्या दिवशी सतरा जण बाहेर पडले. कोणी म्हणाले, शाळा केली आहे. मुलांच्या अब्बांचे चुलतभाऊ दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत. मुलांच्या अब्बांनी मात्र त्यांना एवढेच सांगितले, "भाईजान, उद्या आपल्या सलमाचा फोटो कोणी टाकला तर?" (नाव बदलले आहे.) यंदाच्या ईदला ते शीरखुर्मा खायला घरी आले.

मागच्या महिन्यात एका हरवलेल्या मुलाचा फोटो आमच्याकडे आला. चेहरा बघून काळजात चर्र झाले आणि आम्ही लगेच ग्रुपवर टाकला. वीस मिनिटांत तो निघाला. खाली इंदापूरच्या त्या तरुणाने लिहिले होते : "मॅडमची पोस्ट नियम १ आणि ३ प्रमाणे काढली आहे. मुलगा काही वर्षांपूर्वीच सापडला आहे. खाली दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री केली." दोनशे लोकांसमोर आमचे नाव. कान गरम झाले. पहिल्यांदा मनात आले, याने आधी फोन करून आपल्याला सांगायला काय हरकत होती? मग आठवले की सहाव्या नियमात तसे लिहिलेले नाही आणि तो नियम आम्हीच टाईप केला होता. आम्ही लिहिले, "चूक झाली, माफ करा."

ती मुलगी आता पुण्याला एम.एस्सी. करते आहे. सुट्टीत घरी आली की भेटते. "ग्रुपमध्ये परत ये, आता नियम आहेत" असे आम्ही तिला एकदा म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, "नियम चांगले आहेत मॅडम. पण त्या एकसष्ट जणांत मी नाही येणार." आम्ही पुन्हा आग्रह केला नाही.